सोमवारचं वाचन

मोठ्या बाई त्या शाळेत आल्या त्या फक्त तीन महिन्यांसाठी. चौथीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या आणि वर्ग सांभाळायला कोणीतरी हवं होतं, एवढंच. पण रजेवर गेलेल्या बाई परत आल्या नाहीत आणि या गेल्या नाहीत. बघता बघता छत्तीस वर्षं झाली.

उंचीने त्या जेमतेम फळ्याच्या मध्यापर्यंत पोचायच्या. वरच्या ओळी लिहायला त्यांना लाकडी पाट लागायचा आणि तो पाट वर्गावर्गातून हिंडायचा. तरीही त्यांना सगळे मोठ्या बाईच म्हणायचे आणि त्यात कोणाला काही विनोदी वाटत नसे. पहिल्याच वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यांच्या वर्गाचं वाचन ऐकून ‘असा वर्ग पाहिला नाही’ असा शेरा वहीत लिहिला आणि त्या शेऱ्यावर त्यांची नोकरी कायम झाली. पुढे त्या पर्यवेक्षिका झाल्या आणि गेली अकरा वर्षं मुख्याध्यापिका होत्या. पद वाढलं की माणसं खोलीत शिरतात आणि दार लावून घेतात. मोठ्या बाईंनी उलटंच केलं. आपल्या खोलीचं दार त्यांनी बिजागरीसकट काढायला लावलं आणि ते वाचनालयाच्या फळीला वापरलं. सकाळी त्या फाटकात उभ्या राहायच्या. कोणाच्या दप्तराची चेन तुटली आहे, कोण उपाशी आलं आहे, कोणाच्या घरी काल भांडण झालं आहे, हे त्यांना चेहरा बघूनच कळायचं. निदान त्यांना तसं वाटायचं.

आणि त्यांचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे सोमवारचं वाचन.

दर सोमवारी दुसऱ्या तासाला मोठ्या बाई एका वर्गात जायच्या. खुर्चीवर न बसता शेवटच्या बाकावर, मुलांच्या शेजारी अंग चोरून बसायच्या. हजेरीपटातले पाच नंबर पुकारायच्या. पाच मुलं एकेक उठायची आणि एकेक उतारा वाचायची. मूल घाबरू नये म्हणून कुठला वर्ग, कुठला धडा हे शनिवारीच शिपाईमामांच्या हाती चिठ्ठीने कळवलेलं असायचं. न अडखळता वाचणाऱ्याला हिरवं कार्ड मिळायचं. एखादं मूल अडखळलंच, तर त्याला कोणी काही बोलायचं नाही, असा नियम होता. त्याच्या शिक्षिकेला मात्र मोठ्या बाई दुपारी आपल्या खोलीत चहाला बोलवायच्या. रागवायला नाही हं. निवांत बसून, प्रेमाने, काय अडतंय ते बोलायला.

गेल्या अकरा वर्षांत अडखळणारी मुलं कमी कमी होत गेली आणि शेवटच्या चार वर्षांत एकही उरलं नाही. ही बातमी शिक्षण खात्यात वरपर्यंत गेली. शिक्षणाधिकारी बाईंचं पत्र आलं. शुक्रवारी आसपासच्या तीस शाळांचे मुख्याध्यापक हे वाचन बघायला येणार होते. पुढच्या वर्षापासून ते सगळ्या शाळांना लागू होणार होतं. आणि चार महिन्यांनी निवृत्त झाल्यावर त्या कामाची प्रमुख म्हणून मोठ्या बाईंनी तीन वर्षं यावं, अशी विनंतीही त्यात होती. मोठ्या बाईंनी ते पत्र किती वेळा वाचलं, ते मोजण्यात अर्थ नाही. शाळेशिवाय आपण काय करायचं, हा प्रश्न वर्षभर त्यांना छळत होता. स्वयंपाकघरातले डबे पुसत बसायची त्यांना धास्ती होती. ते पत्र आलं आणि बाई पुन्हा तरतरीत झाल्या.

ती सगळी तरतरी बुधवारी उतरली.

बुधवारी चौथीच्या शिक्षिका दात काढायला गेल्या आणि तास रिकामा पडला. रिकाम्या तासाला मुलं वर्ग डोक्यावर घेतात म्हणून मोठ्या बाई स्वतःच गेल्या. हातात काही नव्हतं, मनातही काही ठरवलेलं नव्हतं.

“भाषेचं पुस्तक काढा बघू. कोण वाचतंय?”

पहिल्या बाकावरून चिमणी उठली. अंगाने एवढीशी म्हणून ती चिमणी. तिची आई कोपऱ्यावरच्या लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करायची. या वर्षी चिमणीला तीन हिरवी कार्डं मिळाली होती. तिने पुस्तक उघडून दोन्ही हातांत छातीपाशी धरलं आणि वाचायला लागली. मधमाश्यांचा धडा होता. काय वाचत होती! जिथे थांबायचं तिथे थांबत होती, प्रश्न आला की आवाज वर जात होता. मोठ्या बाई खूश होऊन बाकांमधून हळूहळू फिरू लागल्या. ‘आणि मग राणीमाशी उडाली’ या वाक्याला चिमणीने झोकात पान उलटलं.

तेवढ्यात मोठ्या बाई तिच्या मागे येऊन पोचल्या आणि त्यांची नजर पुस्तकावर गेली.

पानावर बोटीचं चित्र होतं. डावीकडे बोट, उजवीकडे नावाडी. मधमाशीचा कुठे पत्ता नव्हता. चिमणी त्या बोटीकडे डोळे लावून मधमाश्या वाचत होती आणि एक शब्दही चुकत नव्हती.

मोठ्या बाईंना आधी वाटलं, आपला चष्मा बदलायला झालाय. त्यांनी तो काढला, पदराला पुसला, पुन्हा लावला. बोट होती तिथेच होती.

“चिमणे,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “ही पहिली ओळ वाच बरं.” आणि त्यांनी नावाड्याच्या डोक्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं.

चिमणीने ओळीकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, लबाडी नव्हती. बाईंच्या समजुतीत काहीतरी घोटाळा आहे आणि तो आपण नीट समजावून द्यायला हवा, असा भाव होता.

“बाई, हा धडा अजून झाला नाही ना,” ती म्हणाली.

“झाला नाही म्हणजे?”

“म्हणजे अजून पाठ करून घेतला नाही. झाल्यावर वाचेन.”

आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा तिच्या मदतीला धावला. “बाई, बोटीचा धडा खूप लांब आहे. आमच्या बाई म्हणाल्या, तो सोमवारी येणारच नाही.”

वर्ग हसला. मोठ्या बाईही सवयीने हसल्या. त्या शिक्षिकेच्या खुर्चीवर बसल्या. त्या वर्गात त्या खुर्चीवर त्या किती वर्षांनी बसत होत्या, कोण जाणे. बसल्या बसल्या त्यांनी एकेकाला जवळ बोलावलं आणि खिडकीतून दिसणाऱ्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली. चौतीस मुलांपैकी अकरा जणांना ती वाचता येईना. अक्षरं सुटी सुटी ओळखत होती सगळी. ती जुळवून शब्द करायची वेळच त्यांच्यावर कोणी आणली नव्हती.

तास संपल्यावर मोठ्या बाईंनी धाकट्या बाईंना बोलावलं. धाकट्या बाई म्हणजे शाळेच्या उपमुख्याध्यापिका. लहानपणी याच शाळेत, मोठ्या बाईंना मिळालेल्या पहिल्याच वर्गात शिकलेल्या आणि त्यांच्याच हाताखाली शिक्षिका झालेल्या. मोठ्या बाईंचा उजवा हातच. घरात लेक नसल्याची उणीव या बाईने भरून काढली, असं मोठ्या बाई चारचौघांत म्हणायच्या.

“चौथीतल्या अकरा मुलांना वाचता येत नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तुला माहीत होतं?”

धाकट्या बाईंनी आधी दाराकडे पाहिलं. पण त्या खोलीला दारच नव्हतं, लावणार काय? मग त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, “हो.”

“कधीपासून?”

“बाई, सगळ्यांनाच माहीत आहे. शिपाईमामांनासुद्धा.”

गालावर कोणी फाडकन वाजवावी आणि वाजवणारा आपलाच निघावा, तशी मोठ्या बाईंची अवस्था झाली. शिपाईमामांनासुद्धा! रोज सकाळी ‘बाई, आजची मुलं हुशार हो’ म्हणणाऱ्या मामांना!

“शनिवारी तुमची चिठ्ठी आली की त्या वर्गात दुसरं काही होत नाही,” धाकट्या बाई सांगत होत्या. “ज्यांना येतं ते, ज्यांना येत नाही त्यांना धडा म्हणून दाखवतात. दिवसभर. ऐकून ऐकून पाठ होतो. पान कुठे उलटायचं तेही बसवून घेतात. सोमवार निभावला की सगळे सुटतात.”

“पण का? मी कधी कोणाला ओरडले? कधी कोणाचा पगार अडवला?”

“तुम्ही चहाला बोलावता.”

“चहाला? अगं, चहाला बोलावणं म्हणजे काय शिक्षा झाली?”

“तुम्ही कप पुढे करता आणि म्हणता, ‘माझ्या शाळेत असं कधी होत नाही, काय झालं सांगा.’ इतक्या गोड आवाजात म्हणता, बाई. त्यापेक्षा ओरडलेलं परवडलं. मागच्या वर्षी दुसरीच्या शिक्षिका नोकरी सोडून गेल्या ना? नवऱ्याची बदली वगैरे काही नव्हती. त्यांना तीनदा चहा झाला होता.”

मोठ्या बाईंचा विश्वास बसेना. त्या चहासाठी त्या घरून स्वतः साखर आणायच्या. त्या बाईंना निरोप देताना रडल्याही होत्या. आता त्यांना त्या रडण्याची लाज वाटली.

“आणि तू? तू तरी मला सांगायचंस!”

धाकट्या बाई खाली बघत म्हणाल्या, “मला वाटायचं, तुम्हाला माहीत असेल. ही रीत तुमचीच तर आहे.”

“माझी?”

“मी चौथीत होते. तुम्ही बदली शिक्षिका म्हणून आला होतात. तपासणीच्या आदल्या आठवड्यात तुम्ही आमच्याकडून झऱ्याचा धडा पाठ करून घेतला होतात. रोज, सगळ्या वर्गाकडून. आणि म्हणाला होतात, ‘पुस्तक हातात धरा गं, म्हणजे छान दिसतं.’ मी साहेबांसमोर घडाघडा म्हणून दाखवला. मला त्या वेळी वाचता येत नव्हतं, बाई. मी सहावीत गेल्यावर वाचायला शिकले. माझी मी.”

नाही, असं मी कधीच केलं नाही, हे शब्द मोठ्या बाईंच्या ओठांवर आले आणि तिथेच राहिले. कारण त्यांना झरा आठवला. साहेबांचा कोट आठवला, आपली जीव मुठीत धरून बसलेली बावीस वर्षांची मूर्ती आठवली. तीन महिने संपत आले होते आणि नोकरी हवीच होती. ‘असा वर्ग पाहिला नाही.’ त्या एका शेऱ्यावर त्यांनी छत्तीस वर्षं उभी केली होती आणि ते पाठांतर इतकं सोयीस्करपणे विसरल्या होत्या की शेरा तेवढा खरा म्हणून लक्षात राहिला होता.

“शुक्रवार होऊन जाऊ दे,” धाकट्या बाई कळवळून म्हणाल्या. “चौथीचा मधमाश्यांचा धडा पक्का आहे. काही होणार नाही. मग सोमवारपासून आपण सगळं नीट करू. मी आहे ना.”

संध्याकाळी घरी मोठ्या बाईंच्या नवऱ्यानेही हेच सांगितलं. तो टाइपरायटर दुरुस्त करायचा. टाइपरायटर गेले तशी आता नुसती जुनी यंत्रं पुसून ठेवायचा. बायकोचा उतरलेला चेहरा बघून त्याने तेलाचा हात पुसला आणि सगळं ऐकून घेतलं.

“एवढी वर्षं कोणाला कळलं नाही, आणखी दोन दिवसांनी काय बिघडतंय?” तो म्हणाला. “नवी जागा तर पदरात पडू दे. मग त्या जागेवर बसून सुधार काय सुधारायचं ते.”

वाईट माणूस नव्हता तो. बोलत होता तेही खोटं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मोठ्या बाईंना ते पटलंही. पटलं म्हणूनच त्यांना स्वतःची भीती वाटली. बाविसाव्या वर्षी त्यांनी अगदी हाच हिशेब केला होता.

गुरुवारी त्यांनी शाळेचे सगळे तास बंद केले. आठही शिक्षिकांना बोलावलं आणि सांगितलं, “आज कोणालाही चहा नाही, आणि पुढेही कधी नाही. मला फक्त खरा आकडा हवा आहे.” बसथांब्यावरची सूचना, औषधाच्या बाटलीवरचा कागद, दुकानाची जाहिरात, असं कोणीच पाठ केलेलं नसेल ते सगळं गोळा करून वाचनालयात मांडलं आणि दोनशे सहा मुलांना एकेक करून आत बोलावलं. शिक्षिका आधी बिचकल्या. मग मात्र एकेकीचं तोंड सुटलं. एकजण हमसून हमसून रडली. “चार वर्षं छातीवर दगड घेऊन वावरतेय हो,” असं म्हणाली. दुपारपर्यंत आकडा आला. अठ्ठावन्न.

मोठ्या बाईंनी तो कागदावर लिहिला आणि त्याच्याकडे बघत बसल्या. दोनशे सहापैकी अठ्ठावन्न. रोज फाटकात उभं राहून आपण नक्की काय बघत होतो, हेच त्यांना कळेना.

शुक्रवारी पाहुणे आले. तीस मुख्याध्यापक, पुढे शिक्षणाधिकारी बाई, त्यांच्यामागे फोटो काढणारा. चौथीचा वर्ग स्वच्छ झाडलेला होता. चौथीच्या शिक्षिका गाल सुजलेला असतानाही हजर होत्या. पण बाक रिकामे होते. मुलांना मोठ्या बाईंनी मैदानावर खेळायला पाठवलं होतं. चिमणीला तीस माणसांसमोर उघडं पाडायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, आणि तिला पुन्हा मधमाश्या म्हणायला लावायच्या, हे तर त्याहून जिवावर आलं होतं.

पाहुण्यांना त्यांनी मुलांच्या बाकांवर बसवलं. मोठी मोठी माणसं गुडघे दुमडून कशीबशी त्या बाकांत मावली.

“आज वाचन होणार नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या. “माझ्या शाळेतल्या अठ्ठावन्न मुलांना वाचता येत नाही. ती धडे पाठ म्हणतात. चार वर्षं मी ते ऐकलं आणि कार्डं वाटली. माझ्या शिक्षिकांचा यात दोष नाही. त्या मला घाबरत होत्या. मी फार गोड आहे, असा माझा समज होता.”

कोणी हसलं नाही. शिक्षणाधिकारी बाईंचं तोंड उघडं राहिलं. “अहो, पण पत्रकं छापून झालीत!” एवढंच त्या कशाबशा बोलल्या. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

मग शेवटच्या बाकावरून एक पिकल्या मिशांचे मुख्याध्यापक उठले. बाकात अडकल्यामुळे त्यांना अर्धवटच उठता आलं.

“बाई,” ते म्हणाले, “तुमचं ऐकून आम्ही हे दोन वर्षांपूर्वीच सुरू केलं. आमच्याकडेही धडा आधी कळवतो.” त्यांनी घसा खाकरला. “आमच्याकडेही हल्ली एकही मूल अडखळत नाही.”

ते वाक्य बोलताना त्यांचं त्यांनाच काय ते कळलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते उठले तसेच खाली बसले. मैदानावरून चेंडूचा आवाज येत होता. आणखी चारपाच जणांनी माना खाली घातल्या. शिक्षणाधिकारी बाईंनी आपली फाईल मिटली. नव्या जागेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मोठ्या बाईंनीही विचारलं नाही. पाहुणे गेले तेव्हा त्या फाटकापर्यंत सोडायला गेल्या आणि सगळ्यांना नमस्कार केला.

दुपारी त्यांनी स्वतःच्या हाताने अठ्ठावन्न चिठ्ठ्या लिहिल्या, घराघरांत पाठवायला. शाळा सुटताना पहिली चिठ्ठी चिमणीला दिली.

“ही आईला दे. वाचायला सांग.”

“आईला वाचता येत नाही,” चिमणी म्हणाली. “मीच वाचून दाखवते तिला सगळं.”

मोठ्या बाई तिच्याजवळ वाकल्या. “सगळं म्हणजे?”

“शाळेचे कागद. मागच्या महिन्यात आला होता ना? ‘चिमणी छान शिकते, तिला रागावू नका,’ असं होतं त्यात. आईने तो जपून ठेवलाय.”

मागच्या महिन्यातला कागद दात तपासून घेण्याबद्दलचा होता. चिमणीची एक दाढ किडली होती. ती अजून तशीच होती, बोलताना दिसत होती.

मोठ्या बाईंनी तिला खोलीत नेलं आणि शेजारी बसवलं. “आज इथेच वाच. मी लिहिलंय, कोणी पाठ करून घेतलेलं नाही. जसं येईल तसं.”

चिमणीने ओळीखाली बोट धरलं. पहिल्या शब्दालाच ती अडली. सवयीने तिने वर पाहिलं, कोणी म्हणून दाखवतंय का म्हणून. कोणी म्हणेना. मग ती अक्षराला अक्षर लावत निघाली. दोनदा बाईंनी सांगितलं, तीनदा ती मागे गेली. बाहेर शिपाईमामा वर्गांना कुलपं लावत होते, ते थांबून राहिले. घामाने तिचं बोट कागदावर उमटलं.

“तु...म...च्या... मु...ली...ला... वा...च...ता... ये...त... ना...ही.”

तिने ते पुन्हा एकदा मनात जुळवून पाहिलं. मग तिचा चेहरा बदलला.

“म्हणजे मला?”

“हो.”

ती कागदाकडे बघत राहिली. इतकी दचकलेली चिमणी बाईंनी कधी पाहिली नव्हती. मग एकदम मान वर करून तिने विचारलं, “पण बाई, मग हे आत्ता मी काय केलं?”

मोठ्या बाईंनी कागदावरचं तिचं बोट पुढच्या ओळीवर नेलं.

“वाचलंस,” त्या म्हणाल्या. “आता पुढची ओळ वाच.”

पुढच्या ओळीत लिहिलं होतं, चूक तिची नाही, माझी आहे. चिमणीला ती वाचायला पाच मिनिटं लागली. मोठ्या बाईंनी ती अक्षर न् अक्षर ऐकली आणि मध्ये एकदाही घाई केली नाही.